न चाखणारी सुगरण

वर्ना एडा क्लाइनफेल्टर, माहेरचे आडनाव ट्रॉक्सेल. जन्म ९ नोव्हेंबर १९१७, पेनसिल्व्हेनियातील लेबनन जिल्ह्यात, हाइनरिक्स कॉर्नर या गावाच्या उत्तरेस दोन मैलांवरच्या शेतघरात. मृत्यू २२ फेब्रुवारी २००३, त्या शेतघरापासून पाऊण मैलावर. एवढ्या आयुष्यात त्या जिल्ह्याबाहेर चार वेळा गेल्या आणि चारही वेळा ठरल्या दिवसाच्या आधी परतल्या. पती एल्वूड १९६९ साली ट्रॅक्टर उलटून वारले. मूल एकच, मार्लिन. त्याचे लग्न १९८१ साली डोरीनशी झाले. डोरीन पिट्सबर्गची, पोलादाच्या कारखान्यात राबणाऱ्या बापाची मुलगी. पुढील हकिगतीतले बरेचसे तिने पाहिलेले आहे, आणि जे पाहिले त्याचा विसर तिला अजून पडलेला नाही.

हाइनरिक्स कॉर्नरच्या दगडी चर्चमध्ये ऑक्टोबरचा दुसरा रविवार हा सुगीचा रविवार. त्या दिवशी वेदीभोवती मक्याची ताटे उभी केली जातात. कोबी, बीट, सफरचंदे, लोणच्यांच्या बरण्या पायऱ्यांवर मांडल्या जातात, आणि मधोमध एका पांढऱ्या कापडावर भोपळ्याच्या कुकीजची परात ठेवली जाते. पास्टर आशीर्वाद देतात, मग सर्वांचे जेवण होते, आणि ज्यांना घराबाहेर पडवत नाही अशा आजाऱ्यांना व म्हाताऱ्यांना कुकीजच्या पुड्या पोहोचत्या केल्या जातात. या कुकीज १९५२ पासून वर्नाबाई करीत. साठ डझन, म्हणजे सातशे वीस. एक कमी नाही, एक जास्त नाही.

त्या कुकीज मऊ असत, जवळजवळ केकसारख्या. वर कढवलेल्या लोण्याचा तांबूस लेप आणि त्यावर काळ्या अक्रोडाचा एक तुकडा. तोंडात घातली की आधी लोणी, मग दालचिनी, आणि अगदी शेवटी, घास गिळून झाल्यावर, भोपळ्याची गोडी मागून हळूच यायची. गावातली माणसे कौतुकाच्या बाबतीत मोठी काटकसरी. ‘वाईट नाही’ म्हणाली की ती त्यांची कमाल. परंतु वर्नाबाईंची कुकी खाताना ती बोलायचीच थांबत.

वर्नाबाईंच्या हाताबद्दल गावात जेवढा आदर होता त्याहून अधिक त्यांच्या संयमाबद्दल होता. वेदीवर परात ठेवून आशीर्वाद होईपर्यंत त्या कुकी चाखत नसत. कुकी तर नाहीच, पिठाचे बोटही नाही. त्यांचे पाहून चर्चच्या सगळ्या स्वयंपाकघराने तोच नेम धरला. सुगीच्या रविवारचे काहीही करताना कोणी जिभेवर ठेवायचे नाही, मीठसुद्धा अंदाजाने घालायचे. बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना हा नेम अभिमानाने सांगितला जाई.

खरी गोष्ट निराळी होती. १९७१ च्या मार्चमध्ये वर्नाबाईंना फ्लूचा ताप आला आणि तो अकरा दिवस उतरला नाही. बाराव्या दिवशी उठून त्यांनी कॉफी घेतली, तर ती नुसते गरम पाणी लागली. त्या दिवसापासून त्यांना कशाचीही चव लागली नाही आणि कशाचाही वास आला नाही. डॉक्टर म्हणाले, परत येईल कदाचित, कदाचित येणार नाही. ती आली नाही. हे डॉक्टरांखेरीज कोणाला कळू नये याची काळजी त्यांनी सतरा वर्षे सात महिने घेतली. चव न लागणाऱ्या बाईच्या हाती कोण सुगीचे स्वयंपाकघर ठेवील, अशी त्यांची धास्ती होती. आणि एल्वूड गेल्यावर त्या स्वयंपाकघराखेरीज आपले म्हणावे असे त्यांच्यापाशी फारसे उरले नव्हते.

१९८८ च्या उन्हाळ्यात पाऊस दडी मारून बसला. मका गुडघ्याएवढा होऊन करपला. क्लाइनफेल्टरांच्या वाडीत एरवी साठ-पासष्ट भोपळे निघत, त्या वर्षी एक्केचाळीस निघाले. तेही लहान, आणि साल अशी टणक की सुरी आत शिरताना हिसका द्यावा लागे. काहींवर फिकट हिरव्या रेघा होत्या. वर्नाबाईंनी एक भोपळा हातात फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, “पाणी कमी पडलं. दुसरं काय!” त्या घरात भोपळ्याचे बी विकत आणण्याची रीत नव्हती. एल्वूडच्या आजीपासून चालत आलेले बी दरवर्षी उत्तम फळातून काढायचे, सावलीत वाळवायचे आणि मोहरीच्या पत्र्याच्या डब्यात घालून डब्यावर साल लिहायचे.

शुक्रवारी, ७ ऑक्टोबरला, चौदा भोपळे चिरून, उपडे घालून, चर्चच्या दोन्ही ओव्हनमध्ये भाजले. गर काढून एका मोठ्या पातेल्यात एकत्र केला आणि चक्का टांगतात तसा कापडात बांधून रात्रभर टांगून ठेवला. शनिवारी सकाळी आठ वाजता अकरा बायका ॲप्रन बांधून हजर झाल्या. स्वयंपाकघर समितीच्या प्रमुख फर्न डाइब्लर दाराशी उभ्या राहून कोण किती मिनिटे उशिरा आले ते घड्याळाकडे पाहून मोठ्याने सांगत होत्या.

“डोरीन, चार मिनिटं!”

“फर्नबाई, मार्लिनचं दूध काढून व्हायचं होतं.”

“सात वर्षं झाली लग्नाला, अजून मार्लिनच्या गाई आमच्या मानगुटीवर! हात धू आणि वाट्या घे.”

वर्नाबाई कामाला लागल्या म्हणजे डोरीनला चर्चपेक्षा इथेच अधिक शांत वाटे. दालचिनीचा डबा नवा कोरा. गेल्या वर्षीचा अर्धा उरलेला असला तरी त्या फेकून देत, आणि असल्या उधळपट्टीबद्दल फर्नबाई त्यांना दरवर्षी बोलत. प्रत्येक चमचा सुरीच्या पाठीने सपाट केलेला. जायफळ किसताना ओठ हलत, कारण घासण्या मोजल्या जात: बावीस. प्रत्येक अंडे आधी वेगळ्या बशीत फोडून, खिडकीपाशी नेऊन, डोळ्यांजवळ धरून पाहिले जाई. मिश्रण झाले की लाकडी पळी उभी करून सोडायची. ती चार आकडे मोजेपर्यंत कलली पाहिजे, तीनला नाही, पाचला नाही. आणि ट्रे ओव्हनमध्ये गेला की वर्नाबाई ओव्हनसमोर तिपाईवर बसत आणि तिथून हलत नसत. बाहेर कोणी बोलावले तरी नाही. लोक याला निष्ठा म्हणत.

साडेनऊपर्यंत सहा डझन कुकीज जाळीवर निवत पडल्या होत्या. डोरीन रिकामे पातेले खरवडत होती. तिच्या मनगटाला मिश्रणाचा एक ठिपका लागला आणि तिने तो चाटून टाकला. यात विचार असा काही नव्हता. पिट्सबर्गला तिची आई न चाखता एक वाटीदेखील पुढे सरकवीत नसे, आणि अशा सवयी सासरचे नेम पाळून सुटत नाहीत.

क्षणभर साखर लागली. मग जिभेच्या मुळाशी जे आले त्याने तिचे डोळे भरले. काकडीच्या देठाकडचा कडवटपणा असतो तो दहापट करावा तसे. ती मोरीकडे वळून थुंकली, नळाखाली तोंड धरले. सोड्याचा गोळा राहिला असेल म्हणून तिने कापडातला नुसता गर नखाने उचलून जिभेला लावला. तोही तसाच. पुन्हा थुंकली.

आता तिच्यापुढे दोन गोष्टी उभ्या राहिल्या. बोलले नाही तर उद्या हे विष त्रेचाळीस आजारी घरांत जाणार. खाणारे म्हातारे, आणि आशीर्वादाची कुकी म्हणून कडू असली तरी गिळणारे. बोलले तर नेम मोडल्याची कबुली द्यायची आणि तीही सासूच्या हातच्या पदार्थाला नाव ठेवून. तिने जाळीवरची एक कुकी ॲप्रनच्या खिशात टाकली आणि तिपाईपाशी गेली.

“आई, जरा कोठीत येता?”

“ट्रे आत आहे.”

“ट्रे राहू द्या. फर्नबाई बघतील.”

वर्नाबाईंनी तिच्याकडे पाहिले. सात वर्षांत सून असे कधी बोलली नव्हती. त्या उठल्या. पिठाच्या पोत्यांच्या त्या अरुंद खोलीत डोरीनने कुकी मोडून अर्धी पुढे केली.

“हे चाखून बघा.”

“रविवारच्या आधी मी चाखत नाही. तुला ठाऊक आहे.”

“मी चाखलं. मला काय बोलायचं ते नंतर बोला. पण आधी हे चाखा.”

वर्नाबाईंनी तुकडा घेतला. तोंडात घातला. सावकाश चावला, गिळला, ओठ टिपले. डोरीन त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती. तिची स्वतःची जीभ अजून आत ओढली जात होती. आणि समोर ही बाई ते सगळे पावासारखे खाऊन स्वस्थ उभी होती.

“ठीक आहे की,” वर्नाबाई म्हणाल्या. “जायफळ किंचित पुढे आलंय. दुसरं काय?”

डोरीनच्या डोळ्यांपुढे दालचिनीचा नवा डबा आला, खिडकीपाशी धरलेली बशी आली, आणि ओव्हनसमोरची ती तिपाई आली. जळल्याचा वास ज्याला येत नाही त्याने दुसरे काय करावे? नजर हटवू नये. सात वर्षे तिने ज्याला टापटीप मानले, गाव ज्याला भक्ती मानीत आले, ते सगळे एका मिटलेल्या दाराच्या भोवतीने काढलेल्या वाटा होत्या, आणि या बाईने त्या वाटांनी दरसाल सातशे वीस वेळा अचूक मुक्काम गाठला होता.

“आई,” ती अगदी हळू म्हणाली, “तुम्हाला काहीच लागत नाही ना?”

बाहेर कोणाच्या तरी हातून झाकण पडले. फर्नबाईंनी कोणाला तरी झापले.

“दार लाव,” वर्नाबाई म्हणाल्या.

त्यांनी सांगितले ते फार थोडक्यात. ताप, कॉफी, डॉक्टर. त्या वर्षीच्या सुगीच्या आदल्या दिवशी फर्नबाईंनी पहिली गरम कुकी पुढे करून म्हटले होते, ‘घे ना, सांग कशी झालीय.’ काय सांगणार? तोंडातून निघून गेले, ‘वेदीवर ठेवल्याशिवाय नको.’

“पुढच्या वर्षी येऊन बघते तर कोणीच चाखेना. मी आपली एक थाप मारली, आणि यांनी त्याचं व्रत केलं. मग ती परत कशी घ्यायची, सांग.” त्या पिठाच्या पोत्यावर बसल्या. “किती कडू आहे?”

“दोनदा थुंकले.”

“गरच कडू?”

“गरच.”

वर्नाबाईंनी डोळे मिटले. मिनिटभरात त्यांनी सगळे जुळवले. शेजारच्या हार्वी उमहोल्ट्झने आदल्या वर्षी कुंपणापलीकडे शोभेचे रंगीत भोपळे लावले होते, दिसायला देखणे आणि चवीला कडूजहर. शहरातले लोक मोटारी थांबवून ते दारात मांडायला नेत. त्यांच्या फुलांवरच्या मधमाश्या या वेलांवरही बसल्या असणार. बी त्याच फळांतून काढले, डब्यात भरले, साल लिहिले. आणि टणक साल, हिरव्या रेघा हातात घेऊन आपण पाण्याला दोष दिला.

“घरी तळघरात सत्तावीस आहेत,” त्या म्हणाल्या. “सगळ्याच वेलांना बाधा झाली असेल असं नाही. पण कुठला कसा, ते मला कसं कळायचं!”

“मी सांगेन की माझ्या हातून चुकलं,” डोरीन म्हणाली. “साखरेऐवजी भलतंच पडलं म्हणेन. तुमचं नावच येणार नाही. त्या मला तशाही कामाची समजत नाहीत.”

वर्नाबाई उठल्या, त्यांनी ॲप्रनवरचे पीठ झटकले.

“एक थाप सतरा वर्षं पुरली. आता दुसरी नको.”

त्यांनी दार उघडले, ओव्हन बंद केला, ट्रे बाहेर काढला आणि अकरा जणींना हातातले काम ठेवायला सांगितले. जे होते ते उभ्याउभ्या, तीन-चार वाक्यांत सांगितले, आवाज न चढवता, न उतरवता. शेवटी म्हणाल्या, “तेव्हा चाखायचं माणूस आजपासून दुसरं लागेल. स्वयंपाकघर कोणाला द्यायचं ते तुम्ही ठरवा. पण हा गर डुकरांच्यासुद्धा वाटेला जाता कामा नये. पुरून टाका.”

सर्वांच्या नजरा फर्नबाईंकडे. फर्नबाई पुढे आल्या, जाळीवरची कुकी उचलली, बेताचा तुकडा तोडला, तोंडात घातला, आणि लगेच हातरुमालात काढला.

“अगं वर्ना,” त्या म्हणाल्या, “म्हणजे सतरा वर्षं मी बटाट्याचं सॅलड अळणी नेऊन वाढलं, ते तुझ्यापायी?”

“तुझं सॅलड त्याआधीही अळणीच होतं, फर्न. तेवढं मला आठवतंय.”

प्रथम कोण हसले ते सांगता येणार नाही. परंतु हसणे ओसरल्यावर फर्नबाईंनी रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि वर्नाबाईंच्या दोन्ही हातांकडे पाहत राहिल्या. जणू हे हात त्या प्रथमच पाहत होत्या. “सतरा वर्षं,” त्या म्हणाल्या. “एकदासुद्धा चुकलं नाही. मी इथेच उभी होते, तुझ्या शेजारी.” मग घड्याळाकडे पाहून त्यांनी नेहमीचा आवाज काढला: “दहा वाजून सहा मिनिटं! तळघरातले भोपळे कोण आणतंय?”

मार्लिनने सत्तावीस भोपळे गाडीतून आणले. ते ओट्यावर ओळीने मांडले. वर्नाबाईंनी प्रत्येकातून नखाएवढी पातळ चकती काढली आणि डोरीनने ती जिभेला लावून सांगायचे असे ठरले. दोन भोपळ्यांच्या मध्ये एक घोट दूध आणि पावाचा तुकडा, म्हणजे आधीचा कडवटपणा पुढच्याला लागू नये. डोरीन ‘कडू’ म्हणाली की सालीवर खडूची फुली. पहिले पाचही कडू निघाले, तेव्हा ओट्याभोवती उभ्या असलेल्या बायकांच्या खांद्यांवरूनच कळत होते की आता कोणी आशा धरीत नाही. सहावा गोड निघाला. डोरीनने खात्री करण्यासाठी दुसरी चकती मागितली. “गोड,” ती म्हणाली, आणि आपल्या आवाजात एवढा अधिकार कुठून आला याचे तिलाच नवल वाटले. अखेर अठरांवर फुल्या पडल्या, नऊ शिल्लक राहिले.

नऊ भोपळे भाजायला वेळ लागणार होता तो लागला. अडचण पुढे होती. गर रात्रभर टांगल्याखेरीज त्यातले पाणी निथळत नाही, आणि पाणचट गराची कुकी ओव्हनमध्ये पसरून चपटी होते. वर्नाबाईंनी हार्वी उमहोल्ट्झला निरोप धाडला: सफरचंदाचा रस काढायचे यंत्र घेऊन ये. हार्वी ते लाकडी यंत्र हातगाडीवर घेऊन आला तो टोपी काढूनच. वाटेत त्याला सगळे समजले होते.

“वर्नाबाई, मी आपले चार रंगीत भोपळे लावले हो. मधमाश्यांना कुंपण दाखवायचं राहून गेलं.”

“मधमाश्यांना कुंपण कळत नाही, हार्वी. तुला कळायला हवं होतं. आणि मलाही. फिरव आता.”

लाकडी पट्ट्यांच्या पिंपात कापड घालून गरम गर ओतला. हार्वीने मळसूत्री दांड्याला पीळ दिला. रस धारेने आला, मग तुटक आला, मग थेंब थेंब. वर्नाबाई बादलीपाशी कान लावून वाकल्या. “आणखी अर्धा वेढा,” त्या म्हणाल्या. दोन थेंबांमधले अंतर त्या मोजीत होत्या. “आणखी थोडा.” दांडा करकरला. “आणखी.” आतून काहीतरी घासल्याचा आवाज आला आणि दांडा सैल फिरू लागला, आटे गेले होते. हार्वीचा चेहरा उतरला. वर्नाबाईंनी कापड उघडून गर बोटांत चिरडला आणि म्हणाल्या, “नेमका झालाय.”

तीन वाजता मिश्रण सुरू झाले. त्या दुपारी हाइनरिक्स कॉर्नरच्या स्वयंपाकघरात जे घडले तसे डोरीनने पूर्वी पाहिले नव्हते, नंतरही नाही. वर्नाबाई तेच करीत होत्या, जे सतरा वर्षे करीत आल्या होत्या. पण आता अकरा जणींना ठाऊक होते की त्या काय करीत आहेत. चमचा सपाट झाला तेव्हा कोणी बोलले नाही. जायफळ किसताना ओठ हलले, आणि दोघीतिघींचे ओठ त्यांच्याबरोबर हलले. पळी उभी केली तेव्हा सगळ्यांनी मनात चार मोजले. ती चारलाच कलली.

मग लोणी. पातेले मंद आचेवर ठेवले. लोणी वितळले, फेसाळले आणि चुरचुरू लागले. हे कढवणे फार नाजूक. अर्धा मिनिट आधी उतरवले तर लेपाला फिकेपणा, अर्धा मिनिट उशीर झाला तर करपट. बाकी सगळ्या जगात हे नाकाने ठरवतात. वर्नाबाईंनी हात वर केला. फर्नबाईंनी नळ बंद केला. कोणीतरी खिडकी लावून घेतली. हार्वी दारात होता, तो पाऊल उचललेले तसेच धरून थांबला. सगळ्या स्वयंपाकघरात फक्त त्या पातेल्याचा आवाज राहिला. चुरचुर आधी दाट होती, मग विरळ झाली, मग एकेक टिपका फुटल्यासारखी; आणि मग लोणी गप्प झाले. त्या शांततेत वर्नाबाईंनी मनात काहीतरी मोजले आणि पातेले उचलले. तळाशी बेरी तांबूस, बरोबर काळ्या अक्रोडाच्या आतल्या सालीच्या रंगाची.

या बाईला ऐकू येत होते ते आपण आयुष्यभर कानांनी ऐकत आलो आणि एकदाही ऐकले नाही, असे डोरीनला वाटले. नाक असून, जीभ असून आपण अर्धवट शिजवीत आलो. बाजूला फर्नबाई ॲप्रनने चष्मा पुसत होत्या. पुसून झाल्यावरही पुसत होत्या.

पहिला ट्रे बाहेर आला. वर्नाबाईंनी कुकीवर बोट टेकवले; खळगा पडला आणि सावकाश वर आला. त्यांनी लेप लावला, अक्रोड ठेवला आणि कुकी डोरीनच्या हातावर ठेवली. सगळ्या बघत होत्या.

डोरीनने खाल्ली. लोणी आले, दालचिनी आली. ती थांबली. घास गिळल्यावर मागून ती गोडी आली.

“सांग,” वर्नाबाई म्हणाल्या. “खरं ते सांग.”

“बरोबर आहे, आई.”

“कशासारखी लागते?”

हा प्रश्न तिला कोणी कधी विचारला नव्हता. ती शब्द शोधू लागली. लोण्याचे सांगितले, दालचिनी जिभेच्या कडांना कशी लागते ते सांगितले, मागून येणाऱ्या गोडीबद्दल सांगताना तिला नीट जमेना, तेव्हा म्हणाली, “आपल्याला वाटतं संपलं, आणि मग कळतं की अजून आहे.” वर्नाबाई मान किंचित कलती करून ऐकत होत्या, मघाशी लोणी ऐकले तशाच. मग त्यांनी दुसरा ट्रे आत सरकवला आणि तिपाईवर बसल्या.

सूर्य मावळण्यापूर्वी एकतीस डझन झाल्या. रविवारी आजाऱ्यांच्या त्रेचाळीस पुड्या आधी बांधल्या गेल्या, प्रत्येकीत सहा. उरलेल्या एकशे चौदा वेदीवर ठेवल्या आणि जेवणात एकेक कुकी दोघांनी मोडून घेतली. पास्टरांनी आशीर्वाद दिला; घडलेल्या प्रकाराबद्दल ते काहीच बोलले नाहीत, परंतु आपली अर्धी कुकी त्यांनी डोळे मिटून खाल्ली, असे पुढच्या बाकांवरच्यांनी सांगितले.

पुढे जे ठरले ते असे. समितीच्या बैठकीत फर्न डाइब्लर यांनी मांडले की स्वयंपाकघर वर्ना क्लाइनफेल्टर यांच्याकडेच राहावे आणि चाखण्याचे काम डोरीन क्लाइनफेल्टर हिच्याकडे द्यावे. विरोध कोणी केला नाही. न चाखण्याचा नेम रद्द झाला; फर्नबाईंच्या सॅलडमध्ये त्यामुळे फारसा फरक पडला नाही. मोहरीच्या डब्यातले सगळे बी जाळण्यात आले. वर्नाबाईंच्या नणंदेने १९८५ सालचे चाळीस दाणे जपून ठेवले होते, ते तिने पाठवले, आणि तेव्हापासून त्या वाडीत मादी फुले उमलण्याच्या आदल्या दिवशी, माशी आत शिरू नये म्हणून, दोऱ्याने बांधून ठेवतात व सकाळी हाताने परागण करतात. हार्वी उमहोल्ट्झने शोभेचे भोपळे ओढ्यापलीकडच्या शेतात नेले. वर्नाबाई १९९९ च्या सुगीपर्यंत साठ डझन करीत राहिल्या. त्यानंतर दोन वर्षे तिपाईवर बसून नुसते लोणी ऐकत. दर वर्षी पहिली कुकी डोरीनने खायची आणि कशी लागते ते त्यांना सांगायचे, असा प्रघात पडला, आणि दर वर्षी तिला नवे शब्द शोधावे लागले.

एक गोष्ट मात्र राहून गेली. हार्वीच्या यंत्राचा आटे गेलेला दांडा बदलून द्यायचा असे स्वयंपाकघर समितीने त्याच बैठकीत कबूल केले होते. तसा दांडा करणारा लोहार जिल्ह्यात मिळाला नाही. हार्वी १९९६ साली वारला. यंत्र त्याच्या मुलीच्या गोठ्यात आहे आणि दांडा अजून द्यायचा आहे.